सांगलीहून वंदे भारतनं पुण्याला, आजी आणि पोरांना घेऊन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही घरातली पाच माणसं सांगलीहून वंदे भारतनं पुण्याला जाऊन आलो. मी, आमचे हे, मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चारचा, आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात. आल्यापासून रोज कुणी ना कुणी फोन करून तेच तेच विचारतंय, भावकीतले, शेजारपाजारचे, मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे त्यांनी जरा सावकाश वाचा, बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

ही बुलेट ट्रेन आहे का?

नाही. बुलेट ट्रेन वेगळी, ती मुंबई-अहमदाबाद होतीय, ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, ताशी ३२० च्या वेगानं चालणार, आणि तिचे रूळच वेगळे टाकतायत. जपाननं पहिली बुलेट ट्रेन १९६४ मध्ये टोकियो ते ओसाका सुरू केली, तेव्हाच ती ताशी २१० नं पळायची. आपली वंदे भारत नेहमीच्याच रुळांवरून धावते. पहिली १५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी सुरू झाली, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यात बनली. गाडीची रचना ताशी १८० ची आहे, पण १६० च्या वर प्रवाशांना घेऊन चालवत नाहीत, आणि तेवढीसुद्धा सगळीकडं नाही, रूळ जसे असतील तशी. म्हणून तिला सेमी हायस्पीड म्हणतात. आमच्या लेकीनं वर्गात बुलेट ट्रेननं जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं, तिला बसवून हा फरक समजावून सांगितला, तेव्हा तिनं वहीत दोन्ही गाड्यांची चित्रं शेजारी शेजारी काढली आणि खाली वेग लिहिला.

मग कारपेक्षा लवकर पोचते का?

खरं सांगायचं तर नाही. कोल्हापूर ते पुणे रेल्वेनं ३२६ किलोमीटर, आणि गाडी सुरू झाली तेव्हाच्या टाइमटेबलप्रमाणे सकाळी ८:१५ ला कोल्हापूर सोडून दुपारी १:३० ला पुणं, म्हणजे सव्वापाच तास, सरासरी काढली तर ताशी ६२. सांगलीतनं धरलं तर सव्वाचार तासांच्या आसपास. कारनं हायवे मोकळा असला तर साधारण तेवढ्याच वेळात माणूस पोचतो.

याचं कारण गाडी नाही, मार्ग आहे. सांगली ते सातारा गाडी बऱ्यापैकी पळते, पण साताऱ्यानंतर रेल्वे हायवेसारखी सरळ खंबाटकीतनं पुण्याला जात नाही, ती पूर्वेकडं वळसा घालून वाठार, आदर्की, लोणंद, नीरा, जेजुरी अशी फिरून जाते. त्यात आधी आदर्कीचा घाट, मग पुण्याच्या अलीकडं शिंदवण्याचा घाट. घाटात वळणं आहेत, तिथं कुठलीही गाडी दमानंच जाणार. बाकीच्या गाड्यांशी तुलना केली तर मात्र वेळ चांगलाच वाचतो, कारण मधली बारकी स्टेशनं ही घेत नाही.

मग कशासाठी जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय.

आत्या गेली सहा वर्षं पुण्याला गेल्या नव्हत्या. त्यांची लेक पुण्यात, नात पुण्यात, नातीला मुलगा झाला तरी त्या फोनवरच बघत होत्या. कारण विचारलं की म्हणायच्या, मला नको गं प्रवास, गुडघे धरतात. आम्हीही ते खरं धरून चाललो होतो. एकदा रात्री भाजी निवडताना त्यांनी मला खरं कारण सांगितलं. त्यांना तासा-दीड तासानं लघवीला जावं लागतं. एसटीत किंवा कारमध्ये निघायचं म्हटलं की त्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायच्या. सकाळी चहासुद्धा नाही. हायवेवर हॉटेलात थांबलं तरी तिथं पायऱ्या, ओलं, गुडघे वाकवून बसायचं, आणि परत परत "थांबव रे" म्हणायची लाज. शेवटच्या वेळी गेल्या होत्या तेव्हा पाणी न प्यायल्यामुळं पुण्यात पोचून दोन दिवस अंगात ताप होता आणि तेव्हापासून त्यांनी जाणंच सोडलं, कुणाला न सांगता.

हे फक्त आमच्या घरात आहे असं मला वाटत नाही. तुमच्या आईला, सासूला, मावशीला एकदा एकटीला गाठून विचारा. आणि फक्त बायकांचंच नाही, शुगरवाले, प्रोस्टेटवाले पुरुष पण हेच करतात, बोलत नाहीत एवढंच.

रेल्वेत संडास असतोच, मग आधीच रेल्वेनं का नेलं नाही असं विचाराल, तर जुन्या डब्याच्या उभ्या लोखंडी पायऱ्या त्यांना चढवत नाहीत आणि हलत्या गाडीत पॅसेजमधनं चालायची भीती वाटते. वंदे भारतमध्ये आत दाराजवळच संडास, वेस्टर्न कमोड, सपाट पॅसेज, दोन्ही बाजूला सीटच्या कडा धरत जाता येतं. त्या दिवशी आत्यांनी सकाळी घरी चहा घेतला, गाडीत अर्धा लिटरची पाण्याची बाटली मिळते ती किर्लोस्करवाडी यायच्या आत संपवली आणि माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. आमच्यासाठी वंदे भारतचा खरा उपयोग हा आहे, वेगाचं तुम्ही वर वाचलंच.

सांगलीतनं कुठल्या कुठल्या वारी आहे?

इथं लोकांचा गोंधळ होतो कारण दोन वेगवेगळ्या वंदे भारत आपल्याकडनं जातात. एक कोल्हापूर-पुणे, एक हुबळी-पुणे. दोन्ही १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाल्या. वारांवरनं बघितलं तर लक्षात येतं की एकच गाडी आळीपाळीनं दोन्हीकडं फिरवायची अशी आखणी आहे. म्हणजे हुबळीहून बुधवार, शुक्रवार, रविवारी पहाटे पाचला निघते, दुपारी दीडला पुण्यात, तिथनं सव्वादोनला कोल्हापूरला. मग कोल्हापुरात मुक्काम करून गुरुवार, शनिवार, सोमवारी सकाळी सव्वाआठला पुण्याकडं, आणि तिथनं परत सव्वादोनला हुबळीला. मंगळवारी सुट्टी.

आता यात सांगली-मिरजकरांचा फायदा बघा, दोन्ही गाड्या आपल्याकडं थांबतात, त्यामुळं मंगळवार सोडून रोज सकाळी सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान पुण्याला एक वंदे भारत आहे, आणि रोज दुपारी सव्वादोनला पुण्यातनं परत. साताऱ्याचंही तसंच. कराड आणि किर्लोस्करवाडीला मात्र फक्त कोल्हापूरवाली थांबते, म्हणून त्यांना आठवड्यातनं तीनच दिवस. बुकिंग करताना "कोल्हापूर पुणे" असं शोधलंत तर निम्म्याच गाड्या दिसतील, "सांगली ते पुणे" असंच टाका. टाइमटेबल बदलत असतं, जायच्या दिवशी एनटीईएस ॲपवर (गाडी कुठवर आलीय ते दाखवणारं रेल्वेचं ॲप) किंवा रेल्वेच्या १३९ नंबरला फोन करून वेळ बघूनच घर सोडा.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं का?

नाही. दीडला पोचते आणि सव्वादोनला निघते, पाऊण तासात काय काम होणार. एक रात्र मुक्काम धरायचाच. डॉक्टरांना दाखवायला जाणाऱ्यांनी अपॉइंटमेंट दुपारी चारनंतरची घ्या आणि दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढा, फक्त दुसरा दिवस मंगळवार नाही ना ते बघा.

तिकीट कधी काढायचं? पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं अर्धं लागतं का?

प्रवासाच्या दिवसाच्या ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, त्याआधी १२० होते. सुट्ट्या, दिवाळी, गणपती असले की लवकर काढा. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला सुरू होतं पण वयस्कर माणूस असेल तर तत्काळच्या भरवशावर राहू नका, सगळ्यांच्या सीटा एकत्र मिळतीलच असं नाही.

अर्धं तिकीट विसरा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या पोराचं पूर्ण तिकीट लागतं. पाचच्या आतल्याला वेगळी सीट नको असेल तर फुकट, पण मग चार तास मांडीवर. आम्ही चार वर्षांच्या धाकट्याचंही पूर्ण तिकीट काढलं, घरात त्यावरनं बराच वाद झाला, पण मी म्हणेन बरं झालं काढलं, कारण तो शेवटचा दीड तास आडवा झोपला आणि आत्यांच्या पायाला त्याचा धक्का लागला नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती अजून सुरू नाही. ती परत सुरू व्हावी असं मला फार वाटतं, ज्यांना या गाडीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातात स्वतःचा पैसा नसतो आणि तिकिटासाठी मुलाकडं मागायला जीव संकोचतो.

ऑनलाइन तिकीट वेटिंगला राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, ते घेऊन गाडीत बसायचं नाही. ओळखपत्र मूळ पाहिजे, एका तिकिटावरच्या एकाचं असलं तरी चालतं.

सीट कुठली घ्यावी?

चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, एका बाजूला दोन अशा सीटा असतात. आपली गाडी आठ डब्यांची, एकूण ५३० सीटा, त्यातला एक डबा एक्झिक्युटिव्ह. आता महत्त्वाचं, चेअर कारमधल्या सीटा फिरत नाहीत. निम्म्या डब्याची तोंडं एका दिशेला आणि निम्म्याची दुसऱ्या, मधोमध समोरासमोर आणि मध्ये टेबल. म्हणजे निम्मी माणसं पाठ पुढं करून प्रवास करतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. जाताना आमच्या पाचही सीटा उलट्या आल्या. मोठीला मळमळायला लागलं, आत्यांनी डोळेच मिटून घेतले.

कराडला पलीकडची दोन माणसं उतरली आणि त्यांच्या पुढं तोंड असलेल्या सीटा साताऱ्यापर्यंत रिकाम्या होत्या, तिथल्या टीसीला विचारून आत्या आणि मोठी तिकडं जाऊन बसल्या आणि पाच मिनिटांत दोघी बऱ्या झाल्या. साताऱ्यात ज्यांच्या सीटा होत्या ते जोडपं आलं, तरुण होते, त्यांनी आजींकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाले, राहू द्या बसा, आम्ही तिकडं बसतो. त्या दोघांची नावं विचारायची राहून गेली.

बुकिंगमध्ये दिशा निवडता येत नाही, खिडकीची पसंती तेवढी देता येते. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या आणि लिंबू किंवा आवळा सुपारी जवळ ठेवा. टेबलाची सीट मिळाली तर लहान पोरं असलेल्यांना उत्तम.

एक्झिक्युटिव्ह घ्यावं का?

तिथं दोन-दोनच्या सीटा आणि त्या पूर्ण गोल फिरतात, म्हणजे उलटं बसायचा प्रश्नच नाही. पैसे बरेच जास्त. ज्यांना कंबरदुखी आहे किंवा गाडी फार लागते त्यांनी एकदा विचार करावा. बाकीच्यांना चेअर कार पुरते.

दरवाज्याचं काय ऐकतोय आम्ही? माणसं आत अडकतात म्हणे?

हो, आणि हे लक्ष देऊन वाचा. दारं आपोआप उघडतात आणि बंद होतात, त्यांचा ताबा ड्रायव्हरकडं असतो. दारं पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि एकदा लागली की पुढचं स्टेशन येईपर्यंत तुम्ही ओढून, ढकलून, विनंती करून काही उघडत नाहीत. आपल्याला सवय काय, पाहुण्याला सोडायला गेलं की आत जाऊन बॅग वर ठेवायची, सीटवर बसवायचं, पाया पडायचं, खिडकीतनं पैसे हातात कोंबायचे, आणि गाडी हलली की उडी मारून उतरायचं. ते इथं चालत नाही. आमच्या ओळखीतले एक काका मिरजेत भाचीची बॅग ठेवायला चढले आणि सांगलीला उतरले, ते तरी जवळ होतं. साताऱ्यात चढलात तर थेट पुणंच.

सोडायला आलेल्यांनी प्लॅटफॉर्मवरच पाया पडून घ्या, आशीर्वाद द्या, ओटी भरायची असेल तर घरी भरा.

सांगलीत गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. पाच माणसं, त्यातली एक गुडघेदुखीची, चार बॅगा, हे दोन मिनिटांत चढवायचं म्हणजे आधी ठरवून घ्यावं लागतं. आम्ही असं केलं. डबा प्लॅटफॉर्मवर कुठं येतो ते आधी विचारून तिथंच जाऊन उभं राहिलो. आधी मी धाकट्याला कडेवर घेऊन चढले आणि दारातनं बाजूला झाले. मग मोठी. मग आत्या, पुढनं मी हात दिला, मागनं ह्यांनी कोपराला धरलं. सगळ्यात शेवटी हे बॅगांसकट. बॅगा आधी ढकलल्या असत्या तर दारातच ढीग होऊन आत्या बाहेर राहिल्या असत्या. उतरताना उलटं, आधी हे बॅगा घेऊन, मग आत्या. आणि पुण्याच्या अलीकडं दहा मिनिटं आधी उठायला सुरुवात करा, वयस्कर माणसाला बसून आखडलेले गुडघे सोडवायलाच पाच मिनिटं जातात.

गुडघेदुखीवाल्यांना चढता येतं का?

दार उघडलं की खालनं एक पायरी आपोआप सरकत बाहेर येते, प्लॅटफॉर्म आणि डबा यातली फट त्यानं भरते. आत्यांनी आधी काठीनं त्या पायरीवर ठक ठक करून बघितलं, मग डावा पाय ठेवला, तो घट्ट बसल्यावर उजवा आणला आणि वर बघून म्हणाल्या, आत आले की गं मी. जुन्या गाडीत त्यांना दोघांनी उचलून घ्यावं लागायचं आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटायचं.

ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांच्यासाठी गाडीच्या दोन्ही टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा आणि रुंद दाराचा मोठा संडास आहे. स्टेशनवर व्हीलचेअर मागता येते, पण आयत्या वेळी धावपळ नको, तासभर आधी जाऊन सांगून ठेवा.

संडास स्वच्छ असतो का, कसा वापरायचा?

आम्हाला दोन्ही वेळा स्वच्छ मिळाला. फ्लश विमानातल्यासारखा हवेनं ओढून घेणारा आहे, बटण दाबल्यावर एकदम मोठा आवाज होतो. धाकटा त्या आवाजाला घाबरून रडायलाच लागला आणि नंतर जायलाच तयार होईना. मग मी त्याला बाहेर उभं करून, दार उघडं ठेवून बटण दाबून दाखवलं, दोन वेळा, मग गेला. पोरांना आणि आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की आवाज येणार. पॅड, डायपर, कागद काही आत टाकू नका, तो संडास तुंबला तर अख्ख्या डब्याची पंचाईत आणि सगळ्यात आधी हाल कुणाचे होणार ते वर सांगितलंच आहे.

खायला काय मिळतं?

तिकीट काढतानाच जेवण पाहिजे की नको विचारतात, नको म्हटलं तर तेवढे पैसे कमी होतात. आम्ही नको म्हटलं. घरनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सांगलीहून निघालोय म्हटल्यावर भडंग. खिडक्या उघडत नाहीत आणि फेरीवाले चढत नाहीत, त्यामुळं स्टेशनवर खिडकीतनं वडा घेऊ असं मनात धरू नका. शुगरवाल्यांनी तर स्वतःचं खाणं ठेवाच. समोरच्या सीटच्या पाठीला ट्रे असतो, त्यावर नीट जेवता येतं.

इंजिन कुठं असतं?

हा प्रश्न आमच्या लेकीचा आणि माझ्या सासऱ्यांच्या वयाच्या तीन आजोबांचा. वेगळं इंजिन नाहीच. लोकलसारखं आहे, वरच्या तारेतनं वीज घेऊन एकाआड एक डब्याखाली मोटरी असतात, म्हणजे निम्मे डबे स्वतःच गाडी ओढतात. त्यामुळं स्टेशन सोडलं की झपकन वेग घेते आणि टोकाला पोचल्यावर इंजिन काढून दुसरीकडं लावायची भानगड नाही, ड्रायव्हर फक्त दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. म्हणूनच पुण्यात पाऊण तासात परत निघू शकते.

खिडकीतनं काय बघायचं? पोरं कंटाळतात का?

आमची नाही कंटाळली, पण त्याचं श्रेय आजीला. मोबाईल पहिल्या तासात बाजूला पडला.

सांगली सोडल्यावर नांद्रे, मग येरळेचा पूल, मग भिलवडी, चितळ्यांची डेअरी १९३९ मध्ये सुरू झाली ते हे गाव. दोन्हीकडं ऊस. मग किर्लोस्करवाडी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेलं कारखान्याचं गाव. आत्यांचं माहेर त्याच भागातलं, कुंडलच्या जवळ. किर्लोस्करवाडी गेली आणि त्या एकदम सरसावून बसल्या, नातीला म्हणाल्या, "आता शेणोली येईल, खिडकीतनं नजर काढू नको."

शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं इंग्रज सरकारची पगाराचे पैसे घेऊन चाललेली गाडी अडवली होती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ही सेना, कॅप्टन भाऊ लाड आणि जी. डी. बापू लाड पुढं होते. आत्यांना ही गोष्ट त्यांच्या वडिलांनी सांगितलेली, रुळावर दगड रचले होते, कुणाकडं कोयता, कुणाकडं काठ्या, आणि पैसा कुणी घरी नेला नाही, चळवळीला दिला. त्या सांगत होत्या आणि त्यांचं बोट काचेवर होतं, काच थंड असल्यामुळं बोटाभोवती वाफेचं गोल वर्तुळ उमटत होतं. "हेच रूळ का आजी?" "रूळ बदलले असतील बाळा, जागा हीच." शेणोली स्टेशन गाडी न थांबता दहा सेकंदात मागं गेलं, लेकीला पाटी वाचता आली नाही म्हणून ती रडवेली झाली. परत येताना ती स्टेशन यायच्या आधीपासून काचेला नाक लावून बसली होती, आणि तेव्हा वाचली तिनं.

पुढं कराड, मग रहिमतपूर, कोरेगाव. साताऱ्यानंतर डोंगर जवळ येतात, आदर्कीच्या घाटात बोगदा लागतो, गाडीचा वेग उतरतो, पोरांना तो भाग सगळ्यात आवडला. मग लोणंद. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला असते आणि त्याच्या अलीकडं नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात, ते नीरास्नान. गाडी नीरेच्या पुलावर आली तेव्हा आत्यांनी हात जोडले आणि त्यांच्या मागच्या सीटवरच्या आजोबांनीही त्याच वेळी जोडले, दोघांची ओळखदेख नाही. नदी ओलांडली की सातारा जिल्हा संपून पुणे जिल्हा. जेजुरीला गाडी थांबत नाही, पण खंडोबाला मनातनं येळकोट करून घ्या.

एसीत थंडी वाजते का?

वाजते. शाल, मोजे, लहान पोराला कानटोपी. आत्यांनी शाल नको म्हटलं होतं, वाठारला मागितली.

सामान किती न्यावं?

एसी चेअर कारला ४० किलोपर्यंत चालतं, पण नियमापेक्षा हाताला झेपेल तेवढंच न्या. मोठी सूटकेस वरच्या रॅकवर चढवायला ताकदीचा माणूस लागतो. तांदळाचं पोतं, लोणच्याची बरणी पुण्यातल्या लेकीला पाठवायचीच असेल तर वेगळी पाठवा. हळद आणि बेदाणा आम्ही नेला, त्याचं वजन होत नाही.

सातारा-कराडच्या लोकांनी काय लक्षात ठेवायचं?

सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, शहरातनं रिक्षा किंवा गाडी करून वेळ हातात ठेवून निघा. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तेही गावापासून लांब. आणि "सातारा रोड" म्हणून एक वेगळंच स्टेशन आहे, बुकिंगमध्ये ते निवडू नका, वंदे भारत तिथं थांबत नाही. साताऱ्यातनं फक्त पुण्याला पटकन जायचं असेल आणि तब्येत ठणठणीत असेल तर रस्त्यानं लवकर पोचाल, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण घरात आत्यांसारखं कुणी असेल तर अडीच-पावणेतीन तास रेल्वेत बसवा त्यांना.

पुणे स्टेशनवर उतरल्यावर?

दुपारची वेळ, गर्दी असते. जिन्यावरनं न्यायच्या भानगडीत पडू नका, लिफ्ट किंवा सरकता जिना कुठं आहे ते विचारा. आम्ही आत्यांना प्लॅटफॉर्मवरच बाकावर बसवून दहा मिनिटं थांबलो, गर्दी ओसरू दिली, मग निघालो. नणंद बाहेर बाळाला घेऊन उभीच होती.

परतीला काय वेगळं?

सव्वादोनला निघते, दुपारी ऊन पश्चिमेचं, खिडकीला गुंडाळायचा पडदा आहे तो ओढून घ्या. सांगलीत सहा वाजून गेल्यावर पोचते, म्हणजे अंधार पडायच्या आसपास, पावसाळ्यात आणि थंडीत लवकर अंधारतं, तेव्हा घरनं कुणाला तरी न्यायला बोलवा. किर्लोस्करवाडी सुटली की सामान खाली काढायला लागा, त्यानंतर मध्ये कुठं थांबत नाही. आणि हुबळीची गाडी असेल त्या दिवशी तर साताऱ्यानंतर थेट सांगलीच, झोप लागली असेल तर मोबाईलला गजर लावून ठेवा. आत्यांनी येताना पुण्यातनं पाण्याची एक जादा बाटली मागून घेतली होती, ती रिकामी बाटली आता त्यांच्या देवघराशेजारी असते, तुळशीला पाणी घालायला.